अनुपगिरी गोसाव्याला त्र्यंबकेश्वरी जागा द्या : सिंहस्थाच्या नियोजकांना खुले पत्र

प्रति,
सिंहस्थ कुंभमेळ्याच्या नियोजनाची जबाबदारी असलेले सर्व अधिकारी,
नाशिक व त्र्यंबकेश्वर

स. न. वि. वि.

२०१५च्या सिंहस्थात एका शाहीस्नानाच्या पहाटे मी कुशावर्ताकडे जाणाऱ्या रस्त्यावरच्या एका ओट्यावर उभा होतो. पावसाची भुरभुर चालू होती आणि खालून आखाड्यांची मिरवणूक सरकत होती. पुढे निशाण, मागे भस्म फासलेले नागा साधू, आणि त्या साधूंच्याही आधी झेंडूच्या माळा घातलेले लांब भाले. आखाड्यांत भाल्याला देवता मानतात आणि कुंडात पहिले स्नान त्यालाच घालतात, एवढे मला ठाऊक होते. माझ्या शेजारी एका गृहस्थांच्या खांद्यावर सहा-सात वर्षांची मुलगी बसली होती. तिने विचारले, "बाबा, देवाचं नाव घेणाऱ्यांना भाला कशाला लागतो?" वडिलांनी "पद्धत आहे बाळा, पूर्वीपासूनची" असे म्हणून वेळ मारून नेली. त्यांच्या जागी मी असतो तर मीही तेच केले असते, आणि ही गोष्ट मला पुढे कित्येक दिवस टोचत राहिली.

त्यानंतर जमेल तसे वाचत गेलो. त्या मुलीच्या प्रश्नाला उत्तर आहे, आणि त्या उत्तराचा मोठा भाग मराठ्यांच्या इतिहासात, मराठी माणसांच्या संगतीत आणि त्यांच्याशी झालेल्या भांडणांत घडलेला आहे, हे ध्यानात आले तेव्हा आश्चर्यापेक्षा खंतच अधिक वाटली. येत्या सिंहस्थासाठी आपण रस्ते, घाट, पाणी, शौचालये, वाहनतळ आणि बंदोबस्त यांची आखणी करत आहात. त्या कामाचा व्याप मी जाणतो आणि त्याबद्दल माझे काही म्हणणे नाही. माझी मागणी एकच आहे. त्र्यंबकेश्वरी येणाऱ्या लाखो लोकांना शस्त्रधारी गोसाव्यांचा खरा इतिहास मराठीतून वाचायला मिळावा, आणि त्या इतिहासाच्या मध्यभागी अनुपगिरी गोसावी ऊर्फ हिंमतबहादर याचे संपूर्ण चरित्र असावे. संपूर्ण या शब्दावर माझा भर का आहे, ते सांगण्यासाठीच हे पत्र लांबले आहे.

आधी नावाचा घोटाळा दूर करतो. आपल्याकडे हिंमतबहादर म्हटले की कोल्हापूरच्या इतिहासातले उदाजी चव्हाण आठवतात. हा हिंमतबहादर तो नव्हे. हा बुंदेलखंडातला, बुंदेले आणि पवार राजपुतांच्या मुलखात वाढलेला दशनामी संन्यासी. गिरी, पुरी, भारती, वन, अरण्य, पर्वत, सागर, तीर्थ, आश्रम आणि सरस्वती या दहा नावांपैकी गिरी हे त्याचे नाव. त्याला पुरोहित म्हणणे चुकीचे होईल, कारण लग्न लावणे, श्राद्ध सांगणे हा त्याचा व्यवसाय नव्हता. तो दीक्षा घेतलेला संन्यासी होता आणि त्याच वेळी हजारो घोडेस्वार व पायदळ बाळगणारा सरदार होता. ही दोन्ही रूपे एकाच माणसात कशी नांदली, हे कळले की भाल्याचे कोडे बरेचसे सुटते.

अनुपगिरीचा जन्म १७३४च्या सुमाराचा, बुंदेलखंडातल्या कुलपहाड भागातला. वडील वारल्यावर आईने त्याला आणि त्याचा भाऊ उमरावगिरी याला राजेंद्रगिरी गोसाव्याच्या स्वाधीन केले, असे परंपरा सांगते. यात त्या काळी नवल नव्हते. गोसाव्यांची सारी रचनाच गुरू आणि चेला या नात्यावर उभी होती. दुष्काळात, युद्धात किंवा गरिबीत उघड्यावर पडलेली मुले मठात येत, चेला म्हणून वाढत, गुरूची गादी आणि मालमत्ता रक्ताच्या वारसाऐवजी चेल्याकडे जाई. हे लोक हरिद्वार, प्रयाग, उज्जैन, त्र्यंबक अशी तीर्थे वर्षानुवर्षे फिरत असल्यामुळे त्यांना वाटा ठाऊक, ठिकठिकाणी मठ आपले, आणि जमातीने प्रवास करत असल्यामुळे सोबत शस्त्र असलेच पाहिजे. त्याच वाटांवरून रेशीम, जवाहीर, हुंड्या यांचा व्यापार चाले. कुंभमेळा हा स्नानाचा सोहळा होता तसाच तो मोठा बाजारही होता. तीर्थयात्रा, सावकारी आणि तलवार यांची अशी सांगड पडली होती, आणि अठराव्या शतकात राज्ये डळमळू लागली तेव्हा तलवारीला भाव आला.

राजेंद्रगिरीने झाशीजवळच्या मोठ या परगण्यात आपले बस्तान बसवले होते. तिथून त्याला हुसकावले ते मराठ्यांचे झाशीचे सुभेदार नारोशंकर यांनी. नाशिककरांना मी नारोशंकरांची ओळख करून द्यावी, असा आगाऊपणा करणार नाही. गोदाकाठी पंचवटीत त्यांचे देऊळ आहे आणि त्यांच्या घंटेची म्हण आपल्या तोंडी आहे. पण ती घंटा ज्यांच्या नावाने ओळखली जाते त्याच गृहस्थांमुळे अनुपगिरीचा गुरू बुंदेलखंडातून उठून गंगा-यमुनेच्या दुआबाकडे गेला आणि तिथून या गोसाव्यांचा हिंदुस्थानच्या राजकारणात प्रवेश झाला, हा धागा नाशिकमध्ये कुठेही लिहिलेला मला आढळला नाही.

१७५१ मध्ये फर्रुखाबादच्या अहमदखान बंगशाने अलाहाबादच्या किल्ल्याला वेढा घातला तेव्हा राजेंद्रगिरी आपल्या नागा साधूंसह किल्ल्याबाहेर तळ देऊन राहिला आणि आत येऊन राहण्याचे निमंत्रण नाकारून बाहेरूनच वेढा घालणाऱ्यांवर छापे घालत राहिला. त्यावर खूश होऊन अवधचा नवाब सफदरजंग याने त्याला चाकरीत घेतले. गोसाव्याच्या अटी अशा होत्या की आपण नवाबाला सलाम करणार नाही आणि आपल्या स्वारीपुढे नगारा वाजत राहील. दोन्ही अटी मान्य झाल्या. चाकरी स्वीकारायची पण मान वाकवायची नाही, हा संन्याशाचा ताठा त्या अटींत दिसतो आणि तो मला मनापासून आवडतो. १७५३ मध्ये दिल्लीजवळच्या लढाईत राजेंद्रगिरी पडला आणि फौजेची सूत्रे अनुपगिरी व उमरावगिरी यांच्याकडे आली. त्या वेळी अनुपगिरी जेमतेम विशीचा होता.

आता पानिपत. पानिपतावर आपण इतके लिहिले, बोललो आणि रडलो आहोत की त्यात आता काही राहिले असेल असे वाटत नाही. तरी या एका जागी मला थांबणे भाग आहे. १४ जानेवारी १७६१ रोजी अनुपगिरी अब्दालीच्या बाजूला होता, कारण त्याचा धनी, सफदरजंगाचा मुलगा आणि आता अवधचा नवाब शुजाउद्दौला, अब्दालीच्या बाजूला होता. उघडेनागडे गोसावी आपल्या छावणीत फिरतात याबद्दल अब्दालीने शुजाकडे नाराजी दाखवली होती. शुजाच्या तुकडीने त्या दिवशी फारशी चढाई केली नाही. पण संध्याकाळनंतर आणि दुसऱ्या दिवशी जे घडले त्याची हकिकत काशिराज पंडिताने लिहून ठेवली आहे. हा काशिराज मराठी ब्राह्मण, पण शुजाच्या चाकरीत असलेला, आणि लढाईपूर्वीच्या तहाच्या बोलण्यांत भाऊसाहेबांशी संबंध आलेला.

त्याच्या हकिकतीप्रमाणे विश्वासरावांचे शव छावणीत आणले गेले तेव्हा अब्दालीच्या दुराणी सैनिकांनी ते काबूलला नेण्यासाठी मागितले. त्यात पेंढा भरून ते तिथे दाखवायचे होते. शुजाने अब्दालीपुढे रदबदली केली आणि शवाची विटंबना टळली. विश्वासराव तेव्हा अठरा वर्षांचे होते. भाऊसाहेबांचे धड प्रेतांच्या राशीत सापडले, त्याला शीर नव्हते. ओळख पटवायची ती अंगावरच्या खुणांवरून. मांडीवर रुपयाएवढा काळा डाग होता आणि पाठीवर मुजफ्फरखानाच्या कट्यारीचा जुना व्रण होता. शिवाय रोज शेकड्यांनी सूर्यनमस्कार घालून गुडघ्यांवर व हातांवर पडलेले घट्टे होते. इतिहासाची शेकडो पाने वाचून भाऊसाहेब मला जेवढे जवळचे वाटले नव्हते तेवढे त्या घट्ट्यांमुळे वाटले. शिरही नंतर एका दुराणी स्वाराकडे मिळाले. मराठ्यांच्या या मृतांना रीतसर अग्नी मिळावा म्हणून शुजाने ज्यांच्यावर भिस्त ठेवली त्यांत काशिराज होता आणि अनुपगिरी गोसावीही होता.

महाराज, शांतपणे विचार करा. त्र्यंबकेश्वराचे आजचे देऊळ नानासाहेब पेशव्यांनी बांधायला घेतले. काम १७५५ मध्ये सुरू झाले आणि १७८६ मध्ये, म्हणजे नानासाहेब जाऊन पंचवीस वर्षे झाल्यावर पुरे झाले. ज्या बापाने हे देऊळ उभारायला घेतले त्याच्या मुलाच्या चितेची व्यवस्था शत्रूच्या छावणीतल्या एका गिरी गोसाव्याने पाहिली, आणि त्याच गिरी-पुरींचे आखाडे दर बारा वर्षांनी त्याच देवळाच्या अंगणातून मिरवत स्नानाला जातात. हे सांगणारी एक ओळही त्र्यंबकात नसावी का? मी अनुपगिरीला पुण्यात्मा ठरवत नाही. तो त्या दिवशी आपल्याविरुद्ध उभा होता आणि धन्याच्या हुकुमाने त्याने हे काम केले. तरीसुद्धा प्रेतांच्या त्या माळावर आपल्या माणसांना मंत्राग्नी मिळाला, आणि तो मिळवून देणाऱ्यांचे नाव आपण विसरलो, याचे मला दुःख आहे.

पुढची पंचवीस वर्षे मी झपाट्याने सांगतो, कारण त्यांत लढाया पुष्कळ असल्या तरी नमुना एकच आहे. १७६४ मध्ये बक्सरला शुजाच्या बाजूने गोसावी इंग्रजांशी लढले आणि अनुपगिरी जखमी झाला. पुढे तो दिल्लीच्या बादशहाचा सेनापती मिर्झा नजफखान याच्याकडे गेला, जाटांविरुद्धच्या मोहिमांत होता, आणि नजफखान वारल्यावर दिल्लीत जी अंदाधुंदी माजली तिच्यात महादजी शिंद्यांचा जम बसवून देणाऱ्यांपैकी तो एक होता. १७८४च्या अखेरीस महादजी बादशाहीचे वकील-इ-मुतलक, म्हणजे बादशहाचे सर्वाधिकारी प्रतिनिधी, झाले.

यानंतरचा भाग मात्र सावकाश वाचण्याजोगा आहे. महादजींनी जहागिरींचे हिशेब मागायला सुरुवात केली तेव्हा गोसावी आणि पाटीलबाबा, म्हणजे महादजी, यांच्यात बिनसले. १७८९ मध्ये मथुरेच्या मुक्कामी महादजींच्या अंगावर फोड उठले, दुखणे हटेना, आणि ही अनुपगिरीने करवलेली करणी आहे असा संशय पक्का झाला. त्याला पकडण्यात आले. पण तो निसटून जवळच असलेल्या अली बहादराच्या छावणीत शिरला आणि शरण आला म्हणून उभा राहिला. अली बहादर हा बाजीराव आणि मस्तानी यांचा नातू, पुण्याहून उत्तरेत पाठवलेला. शरण आलेल्या माणसाला परत देणार नाही असे त्याने सांगितले. महादजींनी मागणी केली, प्रकरण पुण्याला नाना फडणिसांपर्यंत गेले, पत्रे गेली-आली आणि उत्तरेतल्या मराठ्यांच्या दोन छावण्या एका गोसाव्यापायी एकमेकींकडे संशयाने पाहू लागल्या.

अली बहादराचे वडील समशेर बहादर पानिपतावर जखमी झाले आणि त्या जखमांनी परतीच्या वाटेवर, सूरजमल जाटाच्या मुलखात गेले. त्यांच्या बाजूच्या मृतांना अग्नी देण्याच्या कामात जो गोसावी होता, त्याला अठ्ठावीस वर्षांनी त्यांच्याच मुलाच्या तंबूत अभय मिळाले. अली बहादराच्या मनात हे होते की नाही याची मला कल्पना नाही आणि तसे मी म्हणतही नाही. राजकीय हिशेब उघड होता, कारण महादजींवर वचक हवाच होता. पण शरणागताला पाठीशी घालण्याची भूमिका त्याने उघडपणे घेतली आणि टिकवली. करणीच्या आरोपावर आज कुणी विश्वास ठेवणार नाही. मात्र त्या काळात संन्याशाच्या सामर्थ्याबद्दल राजांच्याही मनात केवढी भीती होती, हे या प्रकरणातून कळते, आणि ही भीती हेही गोसाव्यांचे एक शस्त्रच होते.

या अभयातून पुढची मोहीम निघाली. अली बहादर आणि अनुपगिरी या दोघांनी मिळून बुंदेलखंड घेतला. एकाकडे पेशव्यांचे नाव आणि मराठी फौज, दुसऱ्याकडे त्या मुलखाची खडान्‌खडा माहिती. बांदा हे त्यांचे ठाणे झाले. या मोहिमेतली सर्वांत मोठी लढाई १७९२ मध्ये अजयगडाच्या बाजूला नोने अर्जुनसिंह पवार या राजपूत वीराशी झाली, त्यात अर्जुनसिंह पडला. तिच्यावर पद्माकर कवीने ब्रजभाषेत ‘हिंमतबहादुर विरुदावली’ हे काव्य रचले. पद्माकर हा बांद्याचा तैलंगी ब्राह्मण, सागरच्या मराठी दरबारातही आश्रय मिळालेला. त्याची गंमत, किंवा गंमत नव्हे, वेदना म्हणा, अशी की तो त्याआधी याच अर्जुनसिंहाचा मंत्रगुरू होता. ज्याला मंत्र दिला त्याच्या मारेकऱ्याचा गौरव करायला तो बसला, आणि त्या गौरवात त्याने अर्जुनसिंहाच्या शौर्याला हात आखडता घेतला नाही. राजपूत कुळांची नावे, घोड्यांची वर्णने, तोफांचा धूर, सगळे काही त्यात आहे. राजपूत राजाला शोभावी अशी विरुदावली एका चेल्याला, आईने गोसाव्याच्या ओटीत टाकलेल्या मुलाला मिळाली. जन्माने जे मिळणार नव्हते ते त्याने तलवारीने आणि भाटाच्या वाणीने मिळवले होते.

मग १८०३. अली बहादर १८०२ मध्ये कालिंजरच्या वेढ्यात वारला. वर्षअखेर दुसऱ्या बाजीरावाने वसईला इंग्रजांशी तह केला. इंग्रज मराठ्यांशी लढायला निघाले तेव्हा सत्तरीकडे झुकलेला अनुपगिरी त्यांना जाऊन मिळाला. सप्टेंबर १८०३ मध्ये त्याने कंपनीशी करार केला आणि पुढच्याच महिन्यात अली बहादराचा मुलगा, दुसरा समशेर बहादर, याच्याविरुद्ध तो कंपनीच्या फौजेबरोबर लढला. ज्याने अभय दिले त्याच्या मुलावर त्याने शस्त्र उचलले. बुंदेलखंड मराठ्यांच्या हातून गेला. १८०४ मध्ये अनुपगिरी वारला. कंपनीला आता त्याच्या वंशजांची गरज उरली नव्हती, आणि हजारोंची फौज बाळगणाऱ्या संन्याशांसाठी तिच्या राज्यात जागाही नव्हती.

हे मी लपवू इच्छित नाही आणि आपणही लपवू नये. उलट माझी भीती दुसरीच आहे. सिंहस्थाच्या निमित्ताने नागा साधूंवर फलक, चित्रफिती आणि पुस्तिका निघतात तेव्हा त्यांत ‘धर्मरक्षणासाठी शस्त्र उचलले’ एवढ्यावर भागवतात. अनुपगिरी सफदरजंगाच्या, शुजाच्या, नजफखानाच्या, महादजींच्या, अली बहादराच्या आणि शेवटी कंपनीच्या बाजूने लढला. त्याने राजपुतांना मारले, मराठ्यांसाठी मारले, मराठ्यांविरुद्ध मारले. हे धर्मरक्षणाच्या एका वाक्यात बसत नाही. दुसरीकडे, मराठी लेखनात त्याचे नाव येते तेव्हा ते बहुतेक करणी करणारा किंवा फितूर म्हणून येते, आणि तेही एका वाक्यात संपते. मला ते पटत नाही. फितूर म्हणायचे तर निष्ठा आधी कुणाशी होती ते पाहिले पाहिजे. त्याची निष्ठा आपल्या जमातीशी होती. त्याच्या निशाणाखाली जेवणारे हजारो चेले, त्यांचे घोडे, त्यांचे मठ आणि म्हातारपण, एवढे त्याच्या डोक्यावर होते. बुंदेलखंडातली त्याची जागा राखण्यासाठी त्याने १८०३ मध्ये जे केले ते खुद्द पेशव्यांनी आपली गादी राखण्यासाठी काही महिने आधी वसईत केले होते. पेशव्यांचा तह आपण शाळेत दुःखाने शिकतो. गोसाव्याचा करार फितुरी म्हणून शिकायचा असेल तर दोघांना एकच माप लावायला हवे.

गोसावी म्हणजे उत्तरेतले कुणी लांबचे लोक, अशी समजूत असेल तर तीही मी इथे दूर करतो. पुण्याच्या सोमवार पेठेत त्रिशुंड गणपतीचे देऊळ आहे. ते भीमगिरजी गोसावी यांनी १७५४ मध्ये, म्हणजे त्र्यंबकेश्वराच्या कामाला सुरुवात होण्याच्या एक वर्ष आधी, बांधायला घेतले आणि १७७० मध्ये पुरे केले. काळ्या दगडातल्या दर्शनी भिंतीवर साखळदंडांनी जखडलेला एक गेंडा आणि त्याला बांधणारे टोपीवाले गोरे शिपाई कोरलेले आहेत. शिलालेख संस्कृतात आहेत आणि फारसीतही आहे. गाभाऱ्यात मोरावर बसलेला तीन सोंडांचा गणपती आहे आणि खाली तळघरात गोसावी गुरूंची समाधी आहे. तळघरात पाणी असते आणि ते गुरुपौर्णिमेला दर्शनासाठी उघडतात. मी तिथे दोनदा उतरलो आहे. पायऱ्यांवर शेवाळ असते, पावले सांभाळून टाकावी लागतात, आणि भिंतीला हात लावला की दगडाचा गारवा कोपरापर्यंत चढतो. पेशव्यांना आणि सरदारांना कर्ज देणाऱ्या गोसाव्यांची वस्ती त्याच पेठेत होती आणि तो भाग गोसावीपुरा म्हणून ओळखला जात असे. नागपुरातही गोसावी सावकारांची घराणी होती. आज महाराष्ट्रात घरबारी गोसाव्यांचा मोठा समाज आहे, आणि या इतिहासावर त्या समाजाचाही हक्क आहे.

त्र्यंबकाचे महत्त्व तर आणखी वेगळे. स्नानाच्या मानावरून शैव संन्यासी आणि वैष्णव बैरागी यांच्यात पेशवाईत रक्तपात झाले. शैवांनी त्र्यंबकला कुशावर्तात आणि वैष्णवांनी नाशिकला रामकुंडात स्नान करावे, ही जी व्यवस्था आपण आजही अंमलात आणता, तिचे मूळ त्या झगड्यांत आहे. आपण जो बंदोबस्ताचा नकाशा आखता त्यावर दोनशे वर्षांपूर्वीच्या तलवारींच्या रेघा आहेत. लोकांना हे सांगायला संकोच वाटण्याचे काहीच कारण नाही.

म्हणून माझी विनंती अशी. त्र्यंबकेश्वरात, शक्य तर कुशावर्ताकडे जाणाऱ्या वाटेवर, पक्क्या बांधकामाचे एक छोटे दालन उभारावे, ते मेळा संपल्यावरही राहावे, आणि त्यात शस्त्रधारी गोसाव्यांचा इतिहास मराठीत मांडावा. हिंदी आणि इंग्रजी त्याच्या जोडीला असू द्यावी. मजकूर लिहिण्याचे काम इतिहासाच्या अभ्यासकांकडे सोपवावे, आणि त्यांना आखाड्यांच्या महंतांशी बसून बोलण्याची सोय करून द्यावी, कारण आखाड्यांच्या तोंडी परंपरेत जे आहे ते कागदांत नाही आणि कागदांत जे आहे ते परंपरेत नाही. महादजी, अली बहादर आणि नाना फडणीस यांच्या काळातल्या मोडी पत्रांच्या प्रती तिथे लावाव्यात, शेजारी त्यांचे देवनागरी वाचन द्यावे. मोडी वाचणारी तरुण मुले आज महाराष्ट्रात आहेत आणि त्यांना हे काम आवडेल. अनुपगिरीवरच्या फलकात पानिपतावरचा अग्नी, मथुरेतले अभय आणि १८०३चा करार ही तिन्ही प्रकरणे सारख्याच आकाराच्या अक्षरांत असावीत. जागा कमी पडते म्हणून त्यातले एखादे गाळू नये. अर्जुनसिंह पवाराचे नाव विसरू नये. बुंदेलखंडातून येणारे यात्रेकरू ते शोधतील. वाराणसीच्या घाटांत एका घाटाला आजही उमरावगिरीचे नाव आहे. त्या घाटाचे एक छायाचित्र शेजारी लावले तर काशीहून आलेल्या माणसालाही हा इतिहास आपला वाटेल.

खर्चाचा प्रश्न येईल हे मला कळते. एका रात्रीच्या रोषणाईच्या खर्चात हे दालन उभे राहील, अशी माझी समजूत आहे. ती चुकीची असेल तर लोकवर्गणीचे आवाहन करावे, मी माझा वाटा पहिल्या दिवशी आणून देईन. मजकूर तपासणे, मोडी पत्रे वाचून देणे यांपैकी जे माझ्याने होईल ते मी विनामोबदला करीन.

शेवटची एक बारीक सूचना. आपल्याकडे माहितीचे फलक मोठ्या माणसांच्या डोक्याच्या वर लावण्याची रीत आहे, आणि गर्दीत ते दिसावेत म्हणून तसे करणे सोयीचेही असते. हा फलक तेवढा खाली लावावा. वडिलांच्या खांद्यावरून उतरलेल्या सहा-सात वर्षांच्या मुलाला मान वर न करता, बोट ठेवून, एकेक अक्षर लावत तो वाचता आला पाहिजे.

कळावे, लोभ असावा ही विनंती.

आपला,
पुण्यातील एक इतिहासवाचक